सातपुड्याने ओढला ओळंबा: दोनशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात पृथ्वी मोजली गेली, त्याची गोष्ट

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की सुरुवातीला रस्ता सपाट असतो. काळी जमीन, संत्र्याच्या बागा, आणि मग एकाएकी समोर डोंगर उभा राहतो. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून साधारण 340 मीटरवर आहे, चिखलदरा 1,100 मीटरच्या वर. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण नकाशा काढणाऱ्याला गाविलगडच्या डोंगराची ही कड एखाद्या बेटाच्या किनाऱ्यासारखीच दिसते. दक्षिणेला पायनघाटाचं सपाट मैदान, उत्तरेला मेळघाटचा उंचवटा, आणि त्यात खाडीसारख्या आत शिरलेल्या दऱ्या.

1820 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेची माणसं दुर्बिणी आणि साखळ्या घेऊन या कडेपाशी आली. त्यांना फक्त वऱ्हाडाचा नकाशा नको होता. पृथ्वी नेमकी किती गोल आहे आणि कुठे किती चपटी, हे त्यांना काढायचं होतं. त्या मोजणीत अमरावतीजवळच्या एका गावी आकडे जुळेनात, आणि संशय गेला तो थेट डोंगरावर.

मद्रासहून निघालेली साखळी

या सर्वेक्षणाची सुरुवात विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने 1802 मध्ये मद्रासला केली. कल्पना शाळेतल्या भूमितीची आहे. जमिनीवर एक सरळ रेघ अगदी काटेकोर मोजायची, तिला पायारेषा म्हणायचं. तिच्या दोन टोकांवरून लांबच्या एखाद्या टेकडीचे कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, पुन्हा साखळी टाकायची गरज नाही. मग त्यातल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. अशी त्रिकोणांची माळ लॅम्बटनने 78 व्या रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणोत्तर ओवायला घेतली. हिलाच पुढे ‘ग्रेट आर्क’ हे नाव पडलं. कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत ती सुमारे 2,400 किलोमीटर लांब झाली.

कल्पना सोपी, पण हत्यारं अवजड होती. कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट लंडनच्या कॅरीने बनवला होता. त्याची आडवी चकती 36 इंच व्यासाची, आणि वजन अर्ध्या टनाच्या घरात. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला, मॉरिशसला नेला गेला आणि तिथून सौजन्याने परत पाठवला गेला. पोलादी साखळी आणि ताऱ्यांचे कोन मोजायचं ‘झेनिथ सेक्टर’ हे यंत्र तर मुळात चीनच्या सम्राटाला नजराणा म्हणून नेलेलं होतं. तिथे ते खपलं नाही म्हणून भारतात विकलं गेलं आणि लॅम्बटनला मिळालं. चीनच्या दरबारासाठी निघालेलं यंत्र शेवटी पूर्णेच्या खोऱ्यात तारे मोजायला आलं.

बीदरच्या बाजूने चढत ही माळ वऱ्हाडात शिरली तेव्हा मुलूख निजामाचा होता. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त आणि इंग्रज-मराठा युद्धाचा शेवट होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. कारभाराचं मोठं ठाणं एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने गाविलगड घेतला होता, त्यामुळे डोंगर इंग्रजांना माहीत होता. पण किल्ल्याची वाट माहीत असणं वेगळं आणि डोंगराची जागा अंशांत आणि सेकंदांत माहीत असणं वेगळं.

टाकरखेडा, अक्षांश 21 अंश 5 मिनिटं 51 सेकंद

त्रिकोणांची माळ लांबत गेली की लहान चुका साठत जातात. म्हणून मधूनमधून नवी पायारेषा मोजून हिशेब ताडून बघावा लागतो. वऱ्हाडातली अशी पायारेषा 1822 मध्ये मोजली गेली. सर्वेक्षणाच्या इंग्रजी कागदांत त्या ठिकाणाचं नाव ‘टाकल खेडा’ असं आहे. हे आपलं टाकरखेडा. अमरावती जिल्ह्यात या नावाची एकाहून अधिक गावं आहेत, पण सर्वेक्षणाने दिलेला अक्षांश आणि रेखांश आजच्या नकाशावर ठेवला तर जागा अमरावतीच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर आणि अचलपूरच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटर येते.

पायारेषेसाठी मैदान लागतं आणि त्रिकोणांसाठी उंची. पायनघाटात मैदान भरपूर आहे, म्हणून पायारेषेला जागा उत्तम. पण सपाटीवर दूरचं दिसत नाही. 30 किलोमीटरवरची वस्तू पृथ्वीच्या गोलाईमुळे साठ-सत्तर मीटर खाली गेलेली असते, मधे एकही झाड नसलं तरीही. म्हणून निरीक्षणासाठी टेकड्या शोधायच्या, नाहीतर बुरूज आणि चौथरे गाठायचे किंवा बांधायचे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगरांची ओळ या दोन कडा त्यामुळे मोलाच्या होत्या.

साखळीचं काम कंटाळवाणं आणि चिकट असे. शंभर फुटांची पोलादी साखळी उन्हात लांबते आणि गारव्यात आकसते. वऱ्हाडातलं ऊन ज्याने पाहिलंय त्याला याहून जास्त सांगायला नको. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवायची, वर तंबूची सावली धरायची, शेजारी थर्मामीटर लावायचे आणि प्रत्येक मापात तापमानाची दुरुस्ती करायची. मग साखळी उचलून पुढे, पुन्हा तेच. हे ओझं उचलणारे, झेंडे रोवणारे, डोंगरावर रात्रभर दिवा जळता ठेवणारे खलाशी शेकड्यांनी होते. साहेबांची नावं पुस्तकांत आली, खलाशांची बहुतेक आली नाहीत.

हिंगणघाटला थांबलेला माणूस

लॅम्बटन तोवर सत्तरीकडे झुकलेला. वीस वर्षं तंबूत काढलेली, क्षयाने छाती पोखरलेली. हैदराबादचं ठाणं नागपूरला हलवायचं ठरलं आणि वाटेत 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला तो गेला. त्याची कबर तिथेच आहे. भारताच्या आधुनिक नकाशाचा पाया घालणारा माणूस वर्धा जिल्ह्यात पुरलेला आहे, ही गोष्ट विदर्भातही फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याची जागा घेतली जॉर्ज एव्हरेस्टने. होय, तोच. ज्याचं नाव पुढे 1865 मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिलं गेलं. शिखराचं नाव आपण जसं उच्चारतो तसं तो स्वतःचं नाव उच्चारत नसे, तो म्हणे ‘ईव्ह-रेस्ट’. तेव्हा तो तिशीतला होता आणि हाडात ताप मुरलेला. 1819 मध्ये गोदावरी आणि कृष्णेच्या मधल्या जंगलात त्याला हिवतापाने गाठलं होतं. बरं होण्यासाठी तो आफ्रिकेच्या केपला जाऊन आला होता.

वऱ्हाडात काम हाती घेतल्यावर दुखणं पुन्हा उलटलं, हातपाय लुळे पडले. झेनिथ सेक्टरने तारे बघायचे तर त्याला दोन माणसांनी धरून आसनावर उतरवायचं आणि काम झालं की उचलून बाहेर काढायचं. मोठ्या थिओडोलाइटचा स्क्रू फिरवायचा तर कुणीतरी हाताला आधार द्यायचा. अशा अवस्थेत तो सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत कोन वाचत होता. माणूस तिरसट होता, हाताखालच्यांशी वागणं अनेकदा कठोर असे, पण ढिलाई हा शब्द त्याच्याबद्दल कुणी वापरलेला नाही.

पथकात आणखी एक माणूस होता, हेन्री व्हॉयसी. हुद्द्याने डॉक्टर, आवडीने भूशास्त्रज्ञ. एप्रिल 1823 मध्ये गाविलगडच्या डोंगरात त्याला दगड झालेले शिंपले सापडले. त्यावरचा त्याचा लेख पुढे ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापला गेला. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे शिंपले कसे आले? लाव्हाचे लोट एका दमात वाहिलेले नाहीत, मधल्या काळात तळी साचली आणि त्यांत जीव राहत होते. या मधल्या थरांचा अभ्यास भूशास्त्रात आजही चालू आहे. म्हणजे या डोंगरावर किनाऱ्यावरचे वाटावेत असे शिंपले खरंच आहेत, फक्त ते समुद्राचे नाहीत, गोड्या पाण्याचे आहेत. व्हॉयसीला भारतीय भूशास्त्राचा जनक म्हटलं जातं. तो 1824 मध्ये कलकत्त्याच्या वाटेवर वारला.

आणि आता ओळंबा

गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंबा सोडून बघतो. दोरीला टांगलेलं वजन सरळ खाली जातं, म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या दिशेने. सर्वेक्षकाचा ओळंबाही तोच. अक्षांश काढायला त्याला डोक्यावरचा बिंदू नेमका कुठे आहे हे हवं असतं. ते ठरतं ओळंब्यावरून: दोरी जिथे जाते त्याच्या बरोबर उलट दिशेला आकाशातला माथा. त्या माथ्यापासून अमुक तारा किती दूर, यावरून आपण विषुववृत्तापासून किती वर आहोत ते कळतं.

पण पृथ्वीत जसं वस्तुमान आहे तसंच डोंगरातही आहे. बाजूला डोंगराचा मोठा ढीग असेल तर तो वजनाला किंचित आपल्याकडे ओढतो. टाकरखेड्याच्या उत्तरेला सातपुडा, त्यामागे आणखी उंच पठार. दक्षिणेला पूर्णेचं खोरं, म्हणजे खडकापेक्षा हलक्या गाळाची जाड भर, जो भाग आज आपण खारपाणपट्टा म्हणून ओळखतो. एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं. ओळंबा उत्तरेकडे सरकणार.

सरकणं डोळ्यांना दिसणारं नसतं. कोनाचे काही सेकंद, बस. एका अंशाचे 3,600 सेकंद होतात, म्हणजे हे किती बारीक ते लक्षात येईल. पण अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर सुमारे 31 मीटर असतो. पाच सेकंद चुकले की गाव दीडशे मीटर सरकलं.

ओळंबा उत्तरेला ओढला की आकाशातला माथा दक्षिणेला कलतो. गाव आहे त्याहून दक्षिणेला असल्यासारखं भासतं. त्रिकोण मात्र खरं अंतर सांगत असतात, कारण त्यांना या ओढीचा फारसा फरक पडत नाही. परिणाम असा की टाकरखेड्याच्या दक्षिणेकडचा अक्षांशाचा अंश गरजेपेक्षा लांब निघतो आणि उत्तरेकडचा आखूड. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्यामुळे खरं तर उलट व्हायला हवं, उत्तरेकडे जाताना अंश थोडा थोडा लांबत जायला हवा. बीदरजवळचं दमरगिदा, वऱ्हाडातलं टाकरखेडा आणि सिरोंजजवळचं कल्याणपूर या तीन ठाण्यांचे आकडे समोर मांडल्यावर हीच विसंगती दिसत होती. एव्हरेस्टने 1830 मध्ये या कामावर पुस्तक छापलं, त्यात उत्तरेच्या डोंगरांच्या ओढीचा प्रश्न त्याने मांडला.

पर्वत ओळंब्याला ओढतो हे वऱ्हाडात पहिल्यांदा कळलं असं मात्र नाही. स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगरावर 1774 मध्ये मुद्दाम तसा प्रयोग झाला होता. फरक इतका की तिथे लोक ओढ शोधायलाच गेले होते. इथे ती न बोलावता हिशेबात घुसली.

पुढे काय झालं

एव्हरेस्ट 1825 मध्ये इंग्लंडला गेला आणि 1830 मध्ये नवी यंत्रं घेऊन परतला. साखळीच्या जागी धातूच्या पट्ट्या आल्या, ज्यांची रचनाच अशी की उन्हाने त्यांची लांबी बदलू नये. वऱ्हाडातून जाणारी माळ पुन्हा तपासली गेली. हे काम अँड्र्यू वॉने पार पाडलं, तोच पुढे एव्हरेस्टनंतर सर्व्हेयर जनरल झाला. ताऱ्यांच्या निरीक्षणांसाठी आता कल्याणा, कल्याणपूर आणि दमरगिदा ही तीन ठिकाणं निवडली गेली. टाकरखेडा त्यातून गळलं.

पण डोंगराची ओढ पाठ सोडणार नव्हती. उत्तर प्रदेशातल्या कल्याणा आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूर यांच्यामधल्या अक्षांशांच्या फरकात 5.236 सेकंदांची तफावत निघाली. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी 1855 मध्ये हिमालयाची ओढ गणिताने मोजली, तर उत्तर आलं जवळजवळ 16 सेकंद, तफावतीच्या तिप्पट. म्हणजे हिमालय दिसतो तितका जड वागत नव्हता. त्याच्या खाली काहीतरी हलकं असलं पाहिजे. उंच पर्वतांना खोल, हलकी मुळं असतात ही आज भूगोलाच्या पुस्तकात असलेली कल्पना याच वादातून पुढे आली. वऱ्हाडात जो प्रश्न अडचण म्हणून आला होता, तो तीस वर्षांनी उत्तर ठरला.

मोजणी दोन प्रकारची

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण ‘इंग्रजांनी मोजणी केली’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच येतं. लॅम्बटन आणि एव्हरेस्ट शेतं मोजत नव्हते. ते सांगाडा उभा करत होते. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1861 पासून मुंबई पद्धतीने महसुली मोजणी सुरू झाली. ती शंकू-साखळीची. 33 फुटांची साखळी, 33 गुणिले 33 फुटांचा एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. त्यातून टिपणं निघाली, गावनकाशे निघाले, सर्व्हे नंबर पडले. बांधावरून भांडण झालं तर भूमी अभिलेख कार्यालयात जे कागद उघडले जातात ते या दुसऱ्या परंपरेतले. तिथे सारा ठरत होता, म्हणून तिथली एक चूक म्हणजे कुणाच्या तरी वावराचा तुकडा.

डोंगर, ओढा, जंगल, उंची हे सगळं ज्यावर दिसतं तो भूपत्रक नकाशा, ज्याला सर्रास टोपोशीट म्हणतात, तो पहिल्या परंपरेतला. मेळघाटासारख्या भागात फरक ठळक होतो. मैदानातल्या गावनकाशावर प्रत्येक बांध आहे. सिपना, खापरा, गाडगा या नद्यांच्या खोऱ्यांत बांधापेक्षा उताराला महत्त्व, आणि तो समोच्च रेषांनीच कळतो. जिथे रेषा एकमेकींना चिकटल्यात तिथे कडा, जिथे विरळ तिथे पठार. कोरकू वस्त्यांची नावंही या शीटांवर आली, पण इंग्रजी कानांनी ऐकलेली. ज्यांनी अमरावतीचं ‘ऊमरावटी’ आणि टाकरखेड्याचं ‘टाकल खेडा’ केलं, त्यांच्याकडून कोरकू उच्चार नीट उतरतील ही अपेक्षा जरा जास्तच होती.

आज हे कुठे दिसतं

एव्हरेस्टने 1830 मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापं ठरवली त्यांना ‘एव्हरेस्ट लंबगोल’ म्हणतात. त्यात विषुववृत्ताकडची त्रिज्या सुमारे 6,377.276 किलोमीटर आहे. दक्षिणेपासून कल्याणपूरपर्यंतची माळ, म्हणजे वऱ्हाडातून गेलेले त्रिकोण, या आकड्याच्या मुळाशी आहेत. दीडशेहून अधिक वर्षं भारताचे अधिकृत नकाशे याच मापावर बेतले गेले. 2005 च्या नकाशा धोरणानंतर सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस-84 या जागतिक मापावर आले. मोबाइलमधलं जीपीएस तेच वापरतं.

उपग्रहाला ओळंबा लागत नाही, त्यामुळे सातपुड्याच्या ओढीचा त्याला त्रास नाही. पण जुना कागद आणि नवा फोन यांचं जुळत नाही. एव्हरेस्ट लंबगोलावरच्या जुन्या टोपोशीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे फोनमध्ये टाकले तर वऱ्हाडात बिंदू शंभर मीटरहून जास्त सरकतो. ट्रेकर आणि वनखात्यातली माणसं या घोळात नेहमी सापडतात. गाविलगडाच्या कड्याशी शंभर मीटर हा किरकोळ फरक नव्हे. जुनी शीट वापरायची तर आधी रूपांतर करायचं, एवढा नियम पाळला की काम भागतं.

शीट शोधायची असेल तर क्रमांकाची पद्धत सोपी आहे. अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्हे 55 क्रमांकाच्या मोठ्या चौकटीत येतात. तिचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना इंग्रजी अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा तुकडे. 1:50,000 प्रमाणावर, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, या हिशेबाने चिखलदरा 55 जी/7 मध्ये येतो. हा जुना क्रमांक आहे, खुल्या मालिकेतल्या नव्या शीटांचे क्रमांक वेगळ्या पद्धतीने पडतात. सर्व्हे ऑफ इंडियाने 2017 पासून अशी पत्रकं ऑनलाइन मोफत द्यायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी 2021 मधल्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे बनवणं आणि वापरणं आणखी मोकळं झालं.

या शीटांवर छोटा त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा दिसला की ते त्रिकोणमितीय ठाणं समजायचं. जागेवर गेलात तर बहुधा दगडावर कोरलेलं वर्तुळ आणि मधे एक टिंब असतं. ते हलवू नये, त्यावर चूल मांडू नये. टाकरखेड्याचा तो अक्षांश मात्र शोधायचा असेल तर चिखलदऱ्याची शीट बाजूला ठेवून 55 जी/12 उघडावी लागेल.